'बरा' फटक्यांची वही : चौघांच्या राउंडच्या नोंदी

५ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. गोल्फचा राउंड, म्हणजे अठरा होल, संपल्यावर आम्ही चौघं जे बोलतो आणि कार्डावर जे असतं, ते एकमेकांशी जुळतं का हे तपासायचं. बोलणं ठरलेलं असतं. काका म्हणतात, "पटिंगनं घात केला," म्हणजे होलजवळच्या हलक्या फटक्यांनी. ताई ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या काठीच्या (क्लबच्या), नावानं बोटं मोडते. धाकट्याचं पालुपद एकच : "ती दोन होल सोडली तर काय मस्त स्कोअर होता!" ती दोन होल दर वेळी वेगळी असतात, आणि दर वेळी असतातच. मी बेरीज पुन्हा करून बघतो, चुकून एखादा आकडा कमी निघाला तर.

आजचं कार्ड : काका ९७, ताई १०१, धाकटा ८८, मी ९३. एवढ्यावरून कोणाचे फटके कुठे गेले ते कळायला मार्ग नाही. ९३ म्हणजे सरळसोट बोगी (पारपेक्षा, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक जास्त) आणि अधूनमधून डबल (दोन जास्त), की दहा पार आणि चार होलांवर वाताहत? दोन्हींची बेरीज ९३ होऊ शकते.

सुरुवातीला नेहमीचेच तीन रकाने ठेवतो. फेअरवे (आखूड गवताचा मधला पट्टा) मिळाला का, ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) नियमात गाठली का (पार वजा दोन फटक्यांत), पट (पटिंगचे फटके) किती झाले.

१९ जानेवारी

तीन रकान्यांत भागत नाही, हे लगेच दिसलं.

आज ताईचे पट ३१ आणि स्कोअर १०१. धाकट्याचे पट ३६ आणि स्कोअर ८६. रकान्यावर विश्वास ठेवला तर आमच्यातली पटिंगची उस्ताद ताई. प्रत्यक्षात तिनं नियमात ग्रीन गाठली ती एका होलवर. बाकी ठिकाणी जवळून चिप करून (छोटा उचलता फटका मारून) चेंडू होलमधल्या झेंड्याच्या आसपास ठेवला, मग पट एकच लागणार. धाकट्यानं नऊ ग्रीन गाठल्या, पण बहुतेक वेळा तीस-चाळीस फुटांवर. तिथून दोन पट म्हणजे उत्तम काम, तरी आकडा फुगतो. पटांची संख्या पटिंगबद्दल कमी आणि आधीच्या फटक्याबद्दल जास्त बोलते.

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हा गुंता सोडवला. चेंडू जिथे आहे तिथून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात, ते आधी काढायचं. मग प्रत्येक फटक्याची किंमत म्हणजे आधीची सरासरी वजा नंतरची सरासरी, वजा तो मारलेला एक. पीजीए टूरनं (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) २०११ मध्ये ही पद्धत पटिंगसाठी घेतली, पुढे बाकीच्या फटक्यांनाही लावली. त्यातला एक आकडा मी काकांना मुद्दाम सांगितला : टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरचा पट साधारण निम्म्याच वेळा घालतात. म्हणजे तिथून त्यांची सरासरी दीड. एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोनात घातला तर अर्धा गमावला.

"म्हणजे आठ फुटांवरून चुकला तर रडायचं नाही?"

"काका, दर दोन वेळांत एकदा रडायची परवानगी आहे."

टूरची सरासरी आमच्या कामाची नाही. आम्ही चौघं मिळूनच आमचा तक्ता करायचा. त्यासाठी प्रत्येक फटक्याला दोन गोष्टी लिहायच्या : किती अंतरावरून मारला, आणि चेंडू कुठे होता, म्हणजे टी (सुरुवातीची जागा), फेअरवे, रफ (कडेचं वाढलेलं गवत), वाळू की ग्रीन. तक्ता भरायला वेळ लागेल. लागू दे.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस पेनल्टीत (दंडाच्या जादा फटक्यांत) गेला. खेळताना आणि नंतरही.

फटके मोजायचे तर आधी फटका कशाला म्हणायचं हे ठरायला हवं, आणि इथे आमच्या चौघांच्या चार स्मृती निघाल्या. काकांचा चेंडू झाडीत हरवला की ते पुढे जाऊन एक टाकतात, "एक पेनल्टी" म्हणतात आणि मारतात. हे फक्त लाल खुंट्यांनी आखलेल्या पेनल्टीच्या हद्दीत चालतं. तिथे चेंडू जिथून आत गेला त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, एका पेनल्टीवर ड्रॉप (चेंडू हातानं खाली सोडणं) मिळतो. हरवलेल्या किंवा हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूला ही सवलत नाही. एक पेनल्टी घ्यायची आणि मागे, जिथून मारला तिथेच जायचं. टीवरून हरवला तर टीवरूनच तिसरा फटका. मागे जायला नको असेल तर २०१९ पासून एक पर्यायी स्थानिक नियम आहे, पण तो त्या मैदानाच्या समितीनं लागू केलेला असावा लागतो. त्यात चेंडू हरवला त्या जागेच्या रेषेत फेअरवेच्या कडेला ड्रॉप करायचा, मात्र पेनल्टी दोन. म्हणजे पुढचा फटका चौथा.

काकांनी आजवर जगातलं प्रत्येक झाड लाल खुंटी मानलं आहे.

शोधायला आता पाच नाही, तीन मिनिटं. हाही २०१९ चाच बदल. ताईला ही तीन मिनिटं अन्यायाची वाटतात. मला ती मागच्या गटाच्या नजरा झेलताना पुरेशी लांब वाटतात.

"दिला" म्हणून, म्हणजे गेलाच असं धरून, उचललेल्या पटांवरही बोलणं झालं. समोरच्याला पट देणं हा मॅच प्लेचा (होलागणिक हारजीत) भाग, स्ट्रोक प्लेत (एकूण फटके मोजून) चेंडू होलमध्ये गेलाच पाहिजे. तीन फुटांवरून टूरवाल्यांचेसुद्धा शंभरातले तीन-चार चुकतात, मग आमचे किती चुकत असतील? देत राहिलो तर ते कधीच कळणार नाही. ठरलं : वहीपुरतं सगळं घालायचं, मुलिगन (फुकटचा दुसरा फटका) बंद. या हिशेबानं काकांचे आजचे ९५ होते ते ९८ झाले. त्यांनी कार्ड खिशात घातलं आणि पार्किंगपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

९ फेब्रुवारी

ताईनं एक रकाना सुचवला आणि मला वाटतं, सगळ्या कामाचा जीव त्यातच आहे. तिचं म्हणणं असं : अंतर आणि जागा घड्याळातले सेन्सरही टिपतात, आपण वेगळं काय करतोय? फटका मारल्या मारल्या, चेंडूकडे चालायला लागण्यापूर्वी, मारणाऱ्यानं स्वतः शेरा द्यायचा. चांगला, बरा किंवा वाईट. दुसऱ्यानं लिहायचा. नंतर बदलायचा नाही.

मग किंमत आणि शेरा शेजारी ठेवून बघायचं. ज्याला आपण वाईट म्हणतो तो खरंच महागात पडतो का?

२३ फेब्रुवारी

धाकट्याची तक्रार : लिहिण्यापायी खेळ रेंगाळतो. तक्रार रास्त आहे. कार्डाच्या चौकोनात आता खुणा. बरोबरची खूण म्हणजे चांगला, टिंब म्हणजे बरा, फुली म्हणजे वाईट, शेजारी अंतर. मारणारा क्लब पिशवीत ठेवतोय तेवढ्यात होतं. शब्द घरी जाऊन भरायचे.

२ मार्च

एक वाद मिटवला. धाकटा एका सोप्या मैदानावर ८९ मारून आला आणि गेल्या आठवड्यातल्या ९२ पेक्षा हा राउंड सरस म्हणून मिरवत होता. म्हटलं, बस, डिफरन्शियल, म्हणजे मैदानाच्या अवघडपणानुसार जुळवलेला स्कोअर, काढू.

११३ भागिले स्लोप, गुणिले (स्कोअर वजा कोर्स रेटिंग). कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या (खेळाडूच्या कुवतीचा आकडा, कमी तितका चांगला) खेळाडूला तिथे अपेक्षित असलेला स्कोअर. स्लोप म्हणजे तेच मैदान सामान्य खेळाडूला त्या मानानं किती जास्त जड जातं. तो ५५ ते १५५ मध्ये असतो, ११३ हा मध्यम धरलेला. दोन्ही आकडे प्रत्येक टीला वेगळे, म्हणून ताईचा आणि माझा स्कोअर थेट शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो.

९२ चं मैदान : रेटिंग ७२.४, स्लोप १३१. ९२ वजा ७२.४ म्हणजे १९.६, त्याला ११३/१३१ नं गुणलं की १६.९.
८९ चं मैदान : रेटिंग ६८.९, स्लोप ११३. उत्तर २०.१.

म्हणजे ९२ चा राउंड तीन फटक्यांहून सरस. धाकट्यानं आकडेमोड स्वतःच्या फोनवर पुन्हा करून बघितली.

याच ओघात काकांची एक जुनी खंतही निघाली : "माझा हँडिकॅप आहे तेवढं मला कधी खेळताच येत नाही." येणार कसं? २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस राउंडांपैकी सर्वांत चांगल्या आठांची सरासरी धरतात. उरलेले बारा हिशेबात येतच नाहीत. हँडिकॅप आपल्या चांगल्या दिवसांचा असतो, बहुतेक राउंड त्याहून वाईट जाणारच. हे ऐकून काका हलके झाले, आणि मग लगेच म्हणाले, "म्हणजे आहे त्याहूनही मी वाईट खेळतो?" हो काका.

१६ मार्च

आज बदल म्हणून स्टेबलफर्ड खेळलो. ही गुणांची पद्धत डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची, इंग्लंडमधल्या वॉलेसी क्लबवर १९३२ मध्ये ती रूढ झाली. नेट (हँडिकॅपचे फटके वजा करून) बोगीला एक गुण, पारला दोन, बर्डीला (पारपेक्षा एक कमी) तीन. नेट डबल बोगी किंवा त्याहून वाईटला शून्य, आणि शून्याच्या खाली काही नाही. गुण मिळणार नाही हे दिसलं की चेंडू उचलायचा आणि पुढच्या टीकडे चालायला लागायचं.

ताईचा हँडिकॅप आताच बसला. त्यासाठी किमान ५४ होलांचे स्कोअर लागतात. तिचे तीन राउंड : २७.४, २५.१, २९.०. तीनच असले की सर्वांत कमीतून २ वजा, म्हणजे २३.१. आजच्या टीवरून त्याचे सवलतीचे २४ फटके झाले. प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत कठीण सहा होलांवर दोन. अशा एका पार चारवर तिनं सहा मारले, म्हणजे नेट चार, दोन गुण. तिचा पहिला प्रश्न होता, "सहाचं पार कसं काय?" त्यानंतर मात्र ती जी सुटली, ३७ गुण करून आम्हा तिघांना मागे टाकून गेली.

वहीच्या दृष्टीनं एक सोय झाली. हँडिकॅपच्या हिशेबातही कोणत्याही होलचा कमाल स्कोअर नेट डबल बोगीच धरतात, म्हणजे स्टेबलफर्डचा शून्य गुण तोच. चेंडू उचलला तरी पुढचा हिशेब अडत नाही. आमच्या तक्त्यात मात्र ते होल अर्धवट राहतं, म्हणून उचललेल्या होलचे फटके सरासरीत धरले नाहीत.

६ एप्रिल

तक्ता पहिल्यांदा पूर्ण चालवला. दोन संध्याकाळी गेल्या.

फुल्यांपासून सुरुवात केली, कारण तिथेच फटके गेले असणार असं चौघांनाही वाटत होतं. फुल्या खरंच महाग आहेत. हद्दीबाहेर गेलेला ड्राइव्ह दोन फटके खातो, टॉप झालेला, म्हणजे चेंडूच्या माथ्यावर लागलेला, आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) जवळपास एक. पण फुल्या आहेत किती? राउंडमध्ये मोजक्याच. आणि त्या आपल्याला पाठ असतात.

टिंबं बघायला लागलो तेव्हा खुर्चीत नीट सरकून बसलो. टिंबं फुल्यांच्या कितीतरी पट आहेत, आणि त्यांची एकूण किंमत फुल्यांपेक्षा जास्त भरते. चौघांचीही. सगळ्यात ठळक माझी, पण काकांचीही काही कमी नाहीत.

टिंबांतला नेहमीचा फटका असा : फेअरवेवरून १४० यार्ड, चेंडू सरळ गेला, आवाज बरा आला, ग्रीनच्या वीस यार्ड अलीकडे थांबला. मारणारा म्हणतो, "बरा आहे, समोरच आहे." सरळ गेला म्हणून मनाला टोचत नाही. आमच्या तक्त्यात ग्रीनबाहेर वीस यार्डांवरून होल संपवायला सरासरी ३.१ फटके लागतात, आणि ग्रीनवर तीस फुटांवरून २.२. हा 'बरा' फटका ग्रीनच्या मध्यावर पडला असता तर जवळजवळ एक फटका वाचता. असे राउंडमध्ये सहा-सात होतात. त्यातला एखादा पुढच्या चिपनं निस्तरला जातो, मग तर तो आठवतही नाही. उरलेल्यांत चिप दहा फुटांवर राहते, पट चुकतो आणि काका म्हणतात, "पटिंगनं घात केला."

दहा फुटांवरचा पट टूरवालेही दहातले सहा चुकवतात. घात आधीच झालेला असतो.

ग्रीन चुकलेले सगळे फटके दिशेनुसार लावले : अलीकडे, पलीकडे, डावीकडे, उजवीकडे. अलीकडेचा ढीग बाकी तिन्ही मिळून होतात त्याहून मोठा. पलीकडे जवळपास रिकामं.

१३ एप्रिल

कारण शोधायला सरावाच्या रेंजवर गेलो. राउंड नाही. अंतर मोजायचं यंत्र तासाभरासाठी मिळालं होतं.

आधी प्रत्येकानं आपापल्या क्लबची अंतरं तोंडी सांगायची, मग मारायचं. काकांचा सात आयर्न "दीडशे". पंधरा चेंडू मारले. सर्वांत लांब १४६, तोही घरंगळून धरला तर. हवेतून गेलेलं अंतर बहुतेकांचं १२४ ते १३२, आणि दोन ९० च्याही खाली.

"यंत्र जुनं दिसतंय," काका म्हणाले.

मग धाकट्याचा आठ आयर्न, त्याच्या बोलण्यापेक्षा बारा यार्ड कमी. माझा सहा आयर्न नऊ यार्ड. ताई एकटीच बरोबर निघाली, कारण तिनं खेळायला सुरुवातच अलीकडे केली आहे, तिच्याजवळ जुन्या आठवणी नाहीत.

यात फुशारकीपेक्षा वेगळं काही आहे. क्लबचं अंतर म्हणून आपण लक्षात ठेवतो तो त्याचा सर्वांत गोड लागलेला फटका. क्लबफेसच्या मध्यापासून जरा सरकला की चेंडू कमी जातो. जास्त जाण्याचा अपघात क्वचितच घडतो. म्हणजे नेम सर्वोत्तम फटक्यावर धरला तर उरलेले सगळे अलीकडेच पडणार. त्यात झेंडा बहुधा ग्रीनच्या मध्याला नसतो. तो पुढच्या कडेला असला की आपण त्याचंच अंतर धरतो, आणि ग्रीनच्या पुढचा बंकर (वाळूचा खड्डा) नेमका अशा नेमाचीच वाट बघत असतो.

नियम ठरवला : झेंडा कुठेही असो, ग्रीनच्या मध्याचं अंतर धरायचं आणि आज मोजलेल्या हवेतल्या अंतराला पुरेल तो क्लब घ्यायचा. काकांसाठी याचा अर्थ सात आयर्नच्या जागी पाच (आकडा लहान तितका क्लब लांब मारतो). "पाच आयर्न काढला तर लोक काय म्हणतील?" असं ते खरंच म्हणाले.

२७ एप्रिल

ताईनं एक वेगळी चाचणी घेतली. राउंड झाल्यावर रात्री आठवणीतून पुन्हा शेरे द्यायचे, कार्ड न बघता.

फुल्या सगळ्यांच्या जशाच्या तशा आल्या, काहींच्या वाढल्याच. चांगलेही आले, धाकट्याचे तर मूळच्यापेक्षा जास्त. टिंबं गायब. मला स्वतःच्या अख्ख्या राउंडमधली चार-पाच टिंबं आठवली, कार्डावर तीसच्या वर होती. राउंडनंतर आपण जे बोलतो ते फुल्या आणि बरोबरच्या खुणांबद्दलच असतं, आणि पुढच्या आठवड्याचा सरावही त्यावरूनच ठरतो. ताई त्यासाठी महिनाभर ड्रायव्हरच मारत होती.

कार्ड दुसऱ्यानं लिहायचं, यावर आज धाकटा पुन्हा कुरकुरला. त्याला १९६८ च्या मास्टर्सचा (अमेरिकेतली मोठी स्पर्धा) किस्सा सांगितला. रोबेर्तो दे विचेन्सो यांनी शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर तीन मारले, मार्करनं (त्यांचं कार्ड लिहिणाऱ्यानं) कार्डावर चार लिहिले, आणि दे विचेन्सो यांनी न तपासता सही केली. खरे ६५ होते, सहीमुळे ६६ धरले गेले, आणि बॉब गोल्बी एका फटक्यानं जिंकले. जास्त लिहिलेल्या आकड्यावर सही केली तर तो आकडा कायम राहतो. कमी आकड्यावर केली तर थेट बाद. धाकट्याला यातून एवढंच कळलं की मार्करवर भरवसा ठेवू नये. ठीक आहे, त्यानं सही करण्यापूर्वी वाचायला तरी सुरुवात केली.

११ मे

नव्या नियमानं खेळून झाल्यावरचे आकडे.

अलीकडेचा ढीग चौघांचाही उतरला, काकांचा सर्वांत जास्त. पलीकडेच्या रकान्यात आता नोंदी दिसतात. त्यांतल्या काही मागच्या उतारावरच्या, तिथून चिप करणं अवघड जातं. दोन ग्रीन तर अशा आहेत की मागे गेलं की डबल ठरलेलंच. तिथे मध्याचा नियम सोडून पुढची कड धरायची, असं वहीत लिहिलं. प्रत्येक ग्रीनचा स्वभाव वेगळा, सरसकट 'एक क्लब जास्त' म्हणून चालत नाही.

स्कोअर? काका ९६, मग ९३, मग ९९. ९९ च्या दिवशी दोन चेंडू हद्दीबाहेर गेले, त्यावर या नियमाचा काही इलाज नाही. माझे ९१, ९०. धाकटा ८४ वर पोचला, पण मध्याचा नेम त्यानं अर्ध्याच होलांवर पाळला, उरलेल्या वेळी झेंड्यालाच मारला, तेव्हा हे श्रेय कोणाचं ते तक्ता सांगू शकत नाही. एवढ्या राउंडांवरून निष्कर्ष काढायचा नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे आणि कोणी पाळत नाही.

एक लक्षात आलं : नेम बदलल्यापासून टिंबाचा अर्थच सरकतोय. वीस यार्ड अलीकडे राहिलेल्या सरळ फटक्याला काका परवा फुली म्हणाले. मी "बरा होता की" म्हटलं तर "ग्रीनवर आहे का तो?" शेरे कडक होत गेले तर जुन्या आणि नव्या नोंदी एका तक्त्यात बसणार नाहीत. म्हणून आजपासून दोन भाग. १३ एप्रिलपूर्वीचे शेरे वेगळ्या पानावर हलवले.

बाकी कामं : वाऱ्याचा रकाना जोडायचा, अंदाजे असला तरी. ताईच्या ५ वूडची (लांब पल्ल्याचा क्लब) अंतरं मोजायची राहिली आहेत. काकांनी वहीत सात आयर्नचा १५० खोडून स्वतःच्या अक्षरात १३० लिहिला आहे, पण ड्रायव्हरचा २४० तसाच ठेवलाय. यंत्र पुढच्या महिन्यात पुन्हा मिळणार आहे.